मी तुळईकडे पाहत होते

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक
व परीक्षा मंडळाचे सर्व सदस्य यांस

विषय: घरून दिलेल्या प्रोग्रॅमिंगच्या परीक्षेत माझ्यावर नोंदवलेल्या ‘गैरप्रकाराच्या संशया’बाबत

सा. न. वि. वि.

आधीच सांगून टाकते, मी पास झाले आहे. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या पेपरात १०० पैकी ७१ गुण पडले आणि ते मला मान्य आहेत. म्हणजे हे पत्र गुण वाढवून मागण्यासाठी नाही, फेरतपासणीचा अर्ज नाही आणि फी परत मागण्यासाठीही नाही. विद्यापीठाचं नाव मी लिहीत नाही, माझा परीक्षा क्रमांकही लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. शिवाय नात्यातल्या आणि ओळखीतल्या मुलांनी वेगवेगळ्या विद्यापीठांतून याच गोष्टी सांगितल्यावर पाकिटावर एकच पत्ता घालण्यात अर्थ उरला नाही.

मी कोरेगाव तालुक्यात राहते, वय ४१. सतरा वर्षं एका पतसंस्थेत क्लार्क आहे; ठेवी, कर्जखाती आणि संध्याकाळची पिग्मी. पिग्मी एजंट दिवसभर दुकानोदुकानी फिरून पैसे गोळा करतात. त्यांच्या यंत्रातली यादी एक सांगते, पिशवीतली रोकड दुसरंच सांगते. फरक निघाला की रात्री आठपर्यंत पावत्या जुळवत बसायचं. आमचे जुने मॅनेजर एक युक्ती शिकवून गेले होते: फरकाला नऊने भाग गेला तर कुठेतरी शेजारचे दोन आकडे उलटे पडलेत का ते आधी बघा. ५४० च्या जागी ४५० लिहिलं की फरक ९०. ही युक्ती मला यंत्राला शिकवायची होती. तेवढ्यासाठी मी तुमच्या ऑनलाइन पदवीला प्रवेश घेतला, आणि दुसऱ्या सत्रात ती शिकवलीही. जेमतेम चाळीस ओळींचा प्रोग्रॅम आहे. आता तो ऑफिसात रोज चालतो आणि मी साडेसहाला घरी असते.

नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं ब्रीद आहे ‘ज्ञानगंगा घरोघरी’. तुमचं विद्यापीठ ते नव्हे, पण शब्द मला आवडतात. संसार आणि नोकरी सांभाळून साताऱ्याला जाऊन-येऊन कॉलेज करणं मला या जन्मी जमलं नसतं. गंगा घरात आली त्याचं अप्रूप आहेच. फक्त तिच्या पाठोपाठ घराचा पंचनामा करायला कोण आलं, ते सांगायला बसले आहे.

परीक्षा रविवारी सकाळी १० ते १२, लॉगिन साडेनऊला. आमच्या घरात दार आतून लागेल अशी मोकळी खोली एकच, ती कोठीची. ज्वारीची चार पोती, गव्हाचं पिंप, एक लोखंडी कपाट, वर लाकडी तुळई. आदल्या रात्री मी आणि मुलाने तिथे टेबल लावलं, राउटरची वायर दाराच्या फटीतून आत घेतली आणि चेहऱ्यावर उजेड पडेल असा दिवा कपाटाला बांधला. त्या आधीचे तीन दिवस निराळ्याच कामात गेले होते. माझ्या जुन्या लॅपटॉपवर मी विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली वापरते, कारण त्या म्हाताऱ्या यंत्रावर तेवढंच सुखाने चालतं. तुमचा परीक्षेचा ब्राउझर लिनक्सवर चालत नाही. अभ्यासाच्या वेळात मी विंडोज चढवत बसले. प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या विभागाला लिनक्स चालू नये, याचं मला अजून नवल वाटतं, पण तो मुद्दा बाजूला ठेवते.

प्रॉक्टर, म्हणजे कॅमेऱ्यातून देखरेख करणारे, म्हणून जे कोणी होते त्यांचा चेहरा दिसत नव्हता, नुसता आवाज. बोलणं अदबीचं होतं. “मॅडम, कमरा दिखाइए.” लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून मी चारही भिंती दाखवल्या, मग टेबलाखाली, मग छत. पोत्यांपाशी थांबायला सांगितलं. “इसमें क्या है?” ज्वारी. मग दाराशेजारी टांगलेलं कालनिर्णय. “उस पे क्या लिखा है?” प्रत्येक तारखेच्या चौकोनात माझ्या हातचे आकडे होते: दीड, दोन, दीड, शून्य, दोन, दीड.

“दूध,” मी म्हणाले.

“दूध?”

“लिटर.”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग कॅलेंडर उतरवून खोलीबाहेर ठेवायला सांगितलं. त्यात त्यांची चूक नाही. पूर्ण महिनाभर आकडे लिहिलेला कागद परीक्षार्थीच्या डोळ्यांसमोर असेल तर मीही उतरवायला लावला असता. एवढंच की त्याच वेळी त्यांच्या माईकमधून मला कुकरची शिट्टी ऐकू आली, एकामागून एक तीन. तेही बिचारे घरूनच काम करत होते. त्या शिट्ट्यांची नोंद कुठे झाली नसावी.

चार प्रश्न होते. पहिले दोन सोपे. खरी परीक्षा तिसऱ्यात होती, आणि या पत्राचं मूळही त्याच प्रश्नात आहे, म्हणून तो जरा सावकाश सांगते. परीक्षा मंडळावर इतर विषयांचेही प्राध्यापक असतात म्हणे.

एका दुकानाच्या विक्रीच्या नोंदी दिलेल्या होत्या: मालाचं नाव, नग, दर. प्रत्येक मालाची एकूण विक्री काढायची आणि जास्त विक्रीचा माल आधी अशी यादी छापायची. दोन मालांची विक्री सारखी निघाली तर त्यांची नावं मात्र अकारविल्हे. बेरजा झाल्या, तो भाग रोजचाच. अडलं ते यादीच्या लावणीत, म्हणजे क्रम लावण्यात. यादी सुलट लावली की नावं बरोबर येतात, पण कमी विक्रीचा माल वर जातो. उलट लावली की विक्री बरोबर येते, पण नावंही उलटी होतात. एक गोष्ट चढती हवी, दुसरी उतरती, आणि लावणी एकच.

मी वर पाहिलं. आमच्या तुळईला एक लोखंडी कडी आहे. मुलाचा पाळणा त्या कडीला टांगलेला असायचा, आता नुसतीच कडी आहे. तिच्याकडे बघत मी मनात मांडलं: ज्वारी ८००, गहू ५००, तूर ५००. ओठ हलले असणार. ते माझे कायमच हलतात, काउंटरवर व्याज काढतानाही. ग्राहकांना सवय झालीय. आणि मग सुचलं. विक्रीच्या आकड्याआधी उणे चिन्ह लावायचं. उणे ८०० हे उणे ५०० पेक्षा लहान, म्हणजे सुलट लावणीत ज्वारी आपोआप वर येते, आणि गहू-तूर यांची नावं सुलटच राहतात. एक चिन्ह, बाकी काही नाही. खाली पाहून ते टाइप केलं आणि सगळ्या टेस्ट केस, म्हणजे उत्तर पडताळायचे नमुने, हिरव्या झाल्या. संपूर्ण पेपरात मी स्वतःच्या डोक्याने केलेलं सर्वांत चांगलं काम हे होतं.

तुमच्या यंत्राच्या अहवालात त्या क्षणाची नोंद अशी आहे: ‘१०.४७, नजर पडद्याबाहेर, ३१ सेकंद. १०.४७, ओठांची हालचाल.’

महोदय, प्रोग्रॅम लिहिणारा माणूस पडद्याकडे बघून विचार करत नाही. पडद्यावर तो फक्त विचार उतरवतो. हे मला तुमच्याच सरांनी शिकवलं. पहिल्या आठवड्याच्या व्हिडिओत त्यांनी वही उघडून रकाने आखले होते: एका रकान्यात आय, दुसऱ्यात जे, तिसऱ्यात टोटल, आणि लूपच्या प्रत्येक फेरीला कुठली किंमत काय होते ते ओळीने लिहून दाखवलं होतं. ड्राय रन केल्याशिवाय कीबोर्डला हात लावू नका, असं ते दर व्हिडिओत बजावतात. मी त्यांचं ऐकलं. माझ्या दोन दोनशे पानी वह्या अशा रकान्यांनी भरल्या आहेत. परीक्षेच्या सूचनांत मात्र ठळक अक्षरांत लिहिलेलं: वही, कोरा कागद, पेन, पेन्सिल यांपैकी काहीही टेबलावर नसावं. मोठ्याने वाचू नये. नजर पडद्यावर ठेवावी. म्हणजे वर्षभर जी सवय लावली तिलाच परीक्षेत गुन्हा ठरवलं. कागद काढून घेतला म्हणून मी तुळईचा कागद केला, तर तुळईकडे पाहिलं हा संशय.

माझा पुतण्या बीसीएस, म्हणजे कॉम्प्युटर सायन्सची पदवी, झाला तेव्हाची त्याची प्रॅक्टिकलची परीक्षा आठवते. स्लिप मिळायची, तिच्यावर दोन प्रोग्रॅम. मुलं आधी कागदावर लिहायची, मग मशीनवर. लॅबमध्ये सर फिरत असायचे आणि कोण विचार करतंय, कोण शेजारच्याच्या पडद्यावर डोळा ठेवून आहे, हे त्यांना लांबून कळायचं. छताकडे बघणाऱ्या मुलाला त्यांनी कधी उठवलं नाही. त्या परीक्षेत खोट नव्हती असं नाही. ठरावीक स्लिपा आधीच फुटायच्या, जर्नल एकाची आणि नावं चारांची असायची. पण शेवटी बाहेरून आलेले परीक्षक पडद्याकडे बोट दाखवून विचारायचे, “ही ओळ काढली तर काय होईल?” तिथे जर्नल कामाला यायची नाही. त्या प्रश्नाकडे मी शेवटी परत येणार आहे.

११.०८ ला लाईट गेली.

हे मला सांगायला सासूबाई दारापाशी आल्या आणि बाहेरूनच ओरडल्या, “लाईट गेली गं!” आपल्याकडे लाईट गेली की घरातल्या प्रत्येकाने दुसऱ्याला ती गेल्याचं सांगायचं असतं. त्यांना बजावून ठेवलं होतं की दोन तास इकडे यायचं नाही. पण लाईट जाणं हा त्यांच्या लेखी अपवाद होता, आणि त्यांनी तो मला आधी विचारला नव्हता. लॅपटॉप बॅटरीवर होता, राउटर बंद पडला. तुमचा एक नियम सांगतो की फोन खोलीबाहेर ठेवा. दुसरा सांगतो की नेट गेल्यास पर्यायी सोय तयार ठेवा. पर्यायी सोय म्हणजे फोनच. दार उघडून मी फोन घेतला, हॉटस्पॉट लावला आणि फोन पुन्हा उंबऱ्याबाहेर ठेवला. पायथनमधली रेंज, म्हणजे ओळीने आकडे देणारी आज्ञा, शेवटचा आकडा सोडून देते, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. आमच्या कोठीतली रेंज कुठला आकडा सोडेल याचा नेम नाही. एक कांडी आली, गेली, आली.

११.१४ ला जोडणी लागली. आवाज तोच. “मॅडम, कमरे में कौन आया था?” सासूबाई, मी म्हणाले. “उन्हें कॅमेरे के सामने लाइए.”

सासूबाईंचं वय ७४. चुलीपुढून उठून आल्या, डोक्यावर पदर घेतला, लॅपटॉपसमोर उभ्या राहिल्या. पडद्यावर त्यांना कुणी दिसलं नाही, स्वतःचाच चेहरा दिसला. कुणीतरी मोठा साहेब बघत असणार असं वाटून त्यांनी हात जोडून नमस्कार केला. पलीकडून काही उत्तर आलं नाही, मग म्हणे, “ठीक है, अब जा सकते हैं.” जाताना त्यांनी मला विचारलं, “माझं काही चुकलं का?” हा प्रश्न अहवालात ‘अन्य व्यक्तीचा आवाज’ म्हणून नोंदला आहे. पहिला ‘लाईट गेली गं’ होता.

त्यानंतर पुन्हा ओळखपत्र, पुन्हा चार भिंती, पुन्हा ज्वारी. ११.२१ ला प्रश्नपत्रिका उघडली. तेरा मिनिटं गेली होती आणि घड्याळ थांबलं नव्हतं. चौथा प्रश्न अर्धा राहिला तो राहिलाच. याबद्दल मी भांडत नाही. वीज तुम्ही घालवली नाही. फक्त पुढच्या वेळी जोडणी तुटली की घड्याळही थांबेल, एवढा बदल तुमच्या विभागातला कुठलाही दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी करून देईल.

नऊ दिवसांनी मेल आली. विषय: गैरप्रकाराचा संशय. मजकूर साचातला: आपल्या परीक्षा सत्रात ४ शंकास्पद घटना आढळल्या आहेत, निकाल राखून ठेवण्यात येत आहे, ७ दिवसांत आपला खुलासा जास्तीत जास्त ५०० अक्षरांत सादर करावा. चित्रफीत जोडलेली नव्हती. मागितली तर ती देण्याची तरतूद नाही असं उत्तर आलं.

इथे मला थोडं माझ्या धंद्याबद्दल सांगू द्या, कारण तुमच्या ऑफिसात हा शब्द दिवसाला शंभरदा टाइप होत असेल. सहकारी पतसंस्थेत ‘गैरप्रकार’ हा शब्द उगाच कुणी तोंडातून काढत नाही. तो शब्द लेखापरीक्षणाच्या अहवालात आला की माणूस घरी बसतो. गावात संस्था बुडाल्यावर ठेवीदार बायका दारात येऊन रडलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. माझ्या हातून रोज लाखाची रोकड जाते. सतरा वर्षांत एकदा साठ रुपये कमी आले, ते मी माझ्या पाकिटातून भरले आणि दुसऱ्या दिवशी ड्रॉवरच्या मागे सापडले. त्या शब्दाची मेल मी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत फोनवर वाचली आणि डबा तसाच बंद केला. घरी मुलाला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, यंत्राने पाठवलंय गं, मनावर घेऊ नको. पण खाली सही ‘परीक्षा विभाग’ अशी होती.

५०० अक्षरांत तुळई, कडी, उणे चिन्ह आणि सासूबाई बसवणं हे तिसऱ्या प्रश्नापेक्षा अवघड निघालं. चारदा लिहून खोडलं. शेवटी ४९६ अक्षरांत बसलं.

तेवीस दिवसांनी दुसरी मेल: ‘आपले प्रकरण बंद करण्यात आले आहे.’ निकाल लागला. कुणी पाहिलं, काय पाहिलं, माझं म्हणणं पटलं की नुसतीच मुदत संपली, काही नाही. निर्दोष असं कुठे लिहिलेलं नाही, ‘बंद’ एवढंच आहे. आमच्याकडे कर्जखातं बंद झालं तरी बेबाकी दाखला देतात.

माझ्या मनात जी शंका राहिली ती ही, की चित्रफीत माणसाने पाहिलीच नसावी. पाहिली असती तर सासूबाईंच्या नमस्कारानंतर कुणालाही खुलासा मागवायचा धीर झाला नसता. ही शंका अगदीच हवेतली नाही. प्रॉक्टरयू ही अमेरिकेतली या धंद्यातली मोठी कंपनी. २०२१ च्या मे महिन्यात तिने निव्वळ यंत्राच्या भरवशावर चालणारी देखरेख विकणं थांबवलं. कारण तिचं तिनेच सांगितलं: यंत्राने शंकास्पद ठरवलेल्या सत्रांपैकी जेमतेम ११ टक्के सत्रं विद्यापीठं उघडून पाहत होती. ज्याचा माल तोच म्हणतो की माणसाशिवाय हा विकू नये, तर गिऱ्हाइकाने तरी जरा थांबावं.

आता कॉपीबद्दल. मी डोळ्यांवर कातडं ओढून लिहीत नाही. आमच्या सत्राच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिल्या पाळीचे प्रश्न दुसऱ्या पाळीच्या आधी आले होते. मी त्याच दिवशी तो ग्रुप सोडला, पण आले होते हे खरं. लॅपटॉपची वायर शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या पडद्याला जोडून तिथे मित्र बसवणारे आहेत. कीबोर्डच्या खाली फोन ठेवणारे आहेत. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तर माझा तिसरा प्रश्न उणे चिन्हासकट दहा सेकंदांत लिहून मिळतो. तेव्हा देखरेख नको, असं मी म्हणत नाही. मी म्हणते, तुमची देखरेख त्या लोकांना पकडत नाही. शेजारच्या खोलीत मित्र बसवलेला मुलगा दोन तास पडद्याकडेच बघत असतो. त्याची नजर हलत नाही, ओठ हलत नाहीत, त्याला विचार करायचाच नसतो. तुमच्या यंत्राच्या दृष्टीने तो आदर्श परीक्षार्थी आहे. संशय येतो तो अडलेल्या, पुटपुटणाऱ्या, छताकडे बघणाऱ्या माणसाचा, म्हणजे जो खरोखर पेपर सोडवतोय त्याचा.

दुसरी गोष्ट घराची. घरून परीक्षा हा प्रकार आपल्याकडे कोविडच्या साथीत, घाईत जन्मला. २०२० मध्ये राज्य सरकार अंतिम वर्षाच्या परीक्षा नकोत म्हणत होतं, ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या घ्याव्याच लागतील असं सांगितलं, २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही असा निकाल दिला, आणि ऑक्टोबरात बहुपर्यायी प्रश्नांवर मुलं घरून पास झाली. त्या धांदलीत कुणाच्या घरात कॅमेरा किती फिरवावा हे कुणी ठरवलं नाही, ते एक समजण्यासारखं आहे. पण ती साथ ओसरून वर्षं झाली, आणि घाईतला नियम कायमचा होऊन बसला.

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठात रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थ्याला २०२१ च्या फेब्रुवारीत परीक्षेआधी असाच खोलीभर कॅमेरा फिरवायला लावला होता. त्याला एक मिनिटही लागलं नव्हतं. तो न्यायालयात गेला, आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने ती घराची अवाजवी झडती ठरवली. तिथली राज्यघटना आपली नव्हे, हे मला कळतं. पण आपल्याही सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ ला न्यायमूर्ती पुट्टस्वामींच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमुखाने सांगितलं आहे की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायद्यात संमती कशी हवी तेही लिहिलंय: मुक्त, विशिष्ट, माहिती देऊन घेतलेली आणि बिनशर्त. ‘मी सहमत आहे’ या चौकोनावर टिचकी मारली नाही तर प्रश्नपत्रिकाच उघडत नव्हती. ही बिनशर्त संमती कशी झाली, ते तुमच्या विधी विभागाने मला सांगावं. बरं, मी निदान टिचकी मारली. सासूबाईंनी कुठे मारली? त्यांचा चेहरा, आवाज आणि नमस्कार कुठल्या तरी सर्व्हरवर पडून आहे. किती दिवस राहणार, कोण बघणार, कधी पुसणार? हे मी मेलवर दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तरात सूचनांची तीच फाइल पुन्हा जोडून आली.

मग करायचं काय, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

ज्याला घर अडचणीचं आहे त्याला तालुक्याच्या ठिकाणी केंद्र द्या. कोरेगावात कॉम्प्युटर लॅब असलेली कॉलेजं आहेत, रविवारी ती बंदच असतात. मी पन्नास रुपये रिक्षाला घालून आनंदाने जाईन. घरी असेल तर दोन कोरे कागद द्या: सुरुवातीला दोन्ही बाजू कॅमेऱ्याला दाखवायच्या, शेवटी त्याचे फोटो उत्तराबरोबर चढवायचे. मला तर वाटतं ते कागद तपासणाऱ्यालाही कामाचे होतील. खोडलेल्या रकान्यांतून विचार जसा दिसतो तसा पूर्ण झालेल्या प्रोग्रॅममधून दिसत नाही. संशय आला तर चित्रफितीचा तेवढा तुकडा विद्यार्थ्याला दाखवा, माणसाने पाहून मगच पत्र काढा आणि पत्रावर त्या माणसाचं नाव असू द्या.

पण हे सगळं एकीकडे आणि तोंडी परीक्षा एकीकडे. बाहेरच्या परीक्षकांचा तो जुना प्रश्न मला परत हवा आहे. पेपर झाल्यावर दोन-तीन दिवसांत दहा मिनिटं व्हिडिओ कॉल. माझाच प्रोग्रॅम माझ्यासमोर उघडायचा आणि विचारायचं, हे उणे कशाला? इथे लूप एकने कमी चालला तर कुठली टेस्ट केस पडेल? ज्याने स्वतः लिहिलंय तो अडखळत का होईना पण सांगेल. ज्याने शेजारच्या खोलीतून घेतलंय त्याला दहा मिनिटं लागणारच नाहीत, दोनच पुरतील. तुम्ही म्हणाल, विद्यार्थी हजारो आहेत, परीक्षक आणायचे कुठून? मान्य. मग सरसकट घेऊ नका. दहातल्या एकाची चिठ्ठी काढा, आणि ज्यांच्यावर संशय आहे त्या सगळ्यांची घ्या. आम्ही पतसंस्थेतही प्रत्येक पावती तपासत नाही. कुठली तपासली जाईल हे आधी कळत नाही, एवढ्यावर एजंट सरळ चालतात. या पद्धतीतही त्रुटी निघतील, परीक्षकाला पाहून घाबरणारी मुलं असतील, मी स्वतः घाबरेन. तरी तेवीस दिवस आणि ५०० अक्षरांपेक्षा ती भीती मला परवडेल. माझी दहा मिनिटं घेतली असती तर संशयाची मेल काढायची वेळच आली नसती. मी उणे चिन्हाबद्दल इतकं बोलले असते की परीक्षकांनीच कॉल बंद केला असता.

पुढचं सत्र डेटाबेसचं आहे. परीक्षा पुन्हा घरूनच, तारीख अजून आलेली नाही. कोठीतली पोती मुलाने पडवीत हलवली आहेत, राउटरला छोटा यूपीएस घेतलाय, दुधाचा हिशोब या महिन्यापासून फोनमध्ये लिहिते. सासूबाईंना मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, त्या दिवशी कुठलं लुगडं नेसू ते आदल्या दिवशी सांगून ठेव.

आपली,
दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी
ता. कोरेगाव, जि. सातारा